डाव्या दिव्याची मिसल

गाडी मागे घेताना आरशात पाहावं की मान वळवून मागच्या काचेतून पाहावं, याबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. मी त्या दिवशी बयनाबाईंकडे पाहत होतो. बयनाबाई आमच्या शेजारीण. त्यांचा वांगी-मेथीचा मळा गावाबाहेर आहे आणि सल्ल्यांचा मळा आमच्या फाटकासमोर. "येऊ द्या भाऊ, येऊ द्या, लय जागा हाय," असं त्या दोन्ही हातांनी सांगत होत्या, आणि मी येऊ देत होतो. जागा खरोखरच होती, पण ती उजवीकडे. डावीकडे त्यांचा सिमेंटचा हौद होता.

"आता नका येऊ देऊ," असं त्या म्हणाल्या तेव्हा गाडीचा मागचा डावा दिवा हौदातल्या पाण्यात पडलेला होता.

स्वतःची गाडी असती तर मी हसलो असतो. निदान तसं लोकांना सांगितलं असतं. पण ही गाडी वापरात आमची आणि कागदावर माझ्या सासऱ्यांची. अमृतराव रेव्हेन्यू खात्यातले जुने गिरदावर, म्हणजे तलाठ्यांवरचे अधिकारी. निवृत्त होऊन मंचेरियलला धाकट्या मुलीकडे राहतात. तिचा नवरा व्यंकटेश कोळसा खाणीत इंजिनियर आहे, आणि तो गाडी पुसतानाही हातमोजे घालतो. दोन वर्षांपूर्वी अमृतरावांनी आम्हाला किल्ली दिली तेव्हा म्हणाले होते, "जवाईबापू, दोन वर्सं वापरून पाहा. गाडी हाय तशी राह्यली तं नावावर करून देतो. नाई तं आपला व्यंकटेश हायच." ही मुदत संपायला एकवीस दिवस उरले होते. मुदतीच्या दिवशी ते स्वतः येणार, गाडी पाहणार आणि कागदावर सही करणार किंवा गाडी घेऊन जाणार.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी ऑफिसला पायी जाऊ शकतो. पण माझी बायको वनमाला तामसी गावच्या शाळेत शिकवते. बस तिथे पोचते ती प्रार्थना संपून हजेरी झाल्यावर. अकरा वर्षं तिच्या नावापुढे लाल शाईचा शेरा पडत होता. मग गाडी आली, ती पंधरा दिवसांत शिकली, आणि आता शाळेचं कुलूप तीच उघडते. हौदातला दिवा तिने हात घालून बाहेर काढला, त्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाली, "बाबानं गाडी नेली तं मी पुन्ना बसनं जाईन. तुमाले काई म्हणणार नाई." मला फार भीती वाटली. ती ओरडली असती तर इतकी वाटली नसती.

आमचा मेकॅनिक देवाजी. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, दिव्याच्या खळग्यात बोट घालून पाहिलं आणि सांगितलं, "कंपनीनं हे मॉडेल बंद केलं जी. आता हा दिवा हैद्राबादच्या भंगारात भेटंल, नाई तं मोबाईलवर."

भंगारात जाणं माझ्या हुद्द्याला शोभणारं नव्हतं. मी आमच्या तेलुगू मुलखातल्या तहसील कचेरीत सीनियर असिस्टंट आहे. म्हणून मोबाईल निवडला. ज्या दुकानातून मागवला त्याचं नाव सांगत नाही, कारण काही लोक नुसतं नाव ऐकून मागवून टाकतात. दुकानाच्या पानावर दिवा गोल गोल फिरत होता. खाली लिहिलं होतं, "शंभर टक्के फिट." त्याखाली, "फक्त दोन शिल्लक." आणि त्याखाली, "या क्षणी एक्केचाळीस जण हा दिवा पाहत आहेत." या मॉडेलच्या गाड्या आमच्या अख्ख्या जिल्ह्यात तीन. देशभरात एकाच संध्याकाळी एक्केचाळीस जणांचे डावे दिवे फुटले असतील, यावर विश्वास ठेवायला मन तयार नव्हतं, पण बोटाने ठेवला.

पाचव्या दिवशी खोकं आलं. मी ते आनंदाने टराटरा फाडलं. आत सुंदर, लाल, चकचकीत दिवा होता. उजवा.

"त्यात काय एवढं," बयनाबाई फाटकातूनच म्हणाल्या. त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली, पालथी केली आणि डाव्या चपलेशेजारी ठेवली. "हे पाहा. उजवी पालथी घातली का डावी होते का नाई?"

होत होती! मी खाली बसून दोन्ही बाजूंनी पाहिलं. बावीस वर्षं जमिनीचे नकाशे हाताळलेल्या माणसाला ही गोष्ट सुचू नये याचं वाईट वाटलं. मी तसाच दिवा घेऊन देवाजीकडे गेलो, चपलेचा सिद्धांत सांगितला आणि माझीच चप्पल काढून प्रयोगही करून दाखवला. देवाजीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "बराबर हाय जी. फक्त मंग उजेड डिक्कीच्या आत पडंल."

तेव्हा मी तक्रार केली. तक्रारीच्या पानावर कारणं दिलेली होती, त्यातलं एक निवडायचं. "रंग आवडला नाही." "माप घट्ट होतं." "भेट द्यायचा विचार बदलला." डाव्याऐवजी उजवा आला असं कारणच नव्हतं. मग मी आमच्या कचेरीच्या पद्धतीने रीतसर दरखास्त लिहिली. विषय, संदर्भ, कलमवार हकिकत, शेवटी "तरी मेहेरबानी करून योग्य ती कारवाई व्हावी." ती मोबाईलवर टाइप करायला दीड तास लागला. त्याचबरोबर घरी एक मिसल उघडली. आमच्याकडे फायलीला अजून मिसल म्हणतात. निजाम गेला, राज्य बदललं, जिल्ह्याचे चार तुकडे झाले, पण मिसल राहिली. पुण्याचा एक पाहुणा कचेरीत आला होता, त्याला "साहेब मिसल पाहत आहेत, थांबा" असं सांगितलं तर तो म्हणाला, "होऊ दे निवांत त्यांचं खाणं."

उत्तर चार मिनिटांत आलं. "डिअर केशव, आम्ही तुमची भावना समजतो." मला माझ्या तहसीलदारांनीही कधी नुसतं केशव म्हटलेलं नाही. आणि भावना समजण्यासारखं त्यात काय होतं? मला दिवा हवा होता. पुढे लिहिलं होतं की खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ नसल्यास तक्रार घेता येत नाही. तरीही, "विशेष बाब म्हणून" दुसरं खोकं पाठवत आहोत, ते उघडताना मात्र व्हिडिओ काढावा.

हे काम मला येत होतं. जप्ती असो, बांधाचं भांडण असो, पंचनामा कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. दुसरं खोकं आलं तेव्हा मी ते अंगणात पाटावर ठेवलं. बयनाबाई पंच क्रमांक एक, देवाजी पंच क्रमांक दोन. वनमालाच्या हातात मोबाईल. मी चतुःसीमा सांगायला सुरुवात केली. "पूर्वेस तुळशीवृंदावन, पश्चिमेस बयनाबाई यांचा वादग्रस्त हौद..."

"वादग्रस्त काऊन?" पंच क्रमांक एक भडकल्या. "पाच वर्सं झाले, जागचा हलला नाई थो हौद!"

त्यांची समजूत घालण्यात थोडा वेळ गेला. मग खोकं उघडलं. आता, पंच म्हटला की तो वाकून पाहणार. तेच त्याचं काम आहे. दोन्ही पंच एकदम वाकले. व्हिडिओत सुरुवातीला माझी चतुःसीमा आहे, मग भांडण आहे, आणि पुढची तीन मिनिटं देवाजीची पाठ आहे. त्या पाठीमागून माझा आवाज येतो, "हे काय?" आणि बयनाबाईंचा, "भोंगा दिसते बाप्पा."

भोंगाच होता. गाडी मागे घेताना आपोआप वाजणारा हॉर्न. खोक्यावर बाळाचं चित्र होतं, त्याचा अर्थ आम्हाला तेव्हा समजला नाही. मी पंचनामा, दोघांच्या सह्या आणि व्हिडिओ पाठवून दिला. उत्तर आलं, "डिअर केशव, व्हिडिओत वस्तू दिसत नाही. पाठ दिसते."

मुदतीला आठ दिवस उरले होते. देवाजी म्हणाला, "वापस तं जात नाई, लावून टाकू. मागं काय हाय थे तरी लोकायले समजंल." या बोलण्यात माझ्या गाडी चालवण्यावर काही टीका होती का, हे मला अजून कळलेलं नाही. त्याने भोंगा बसवला. मी गाडी सुरू केली, रिव्हर्स टाकला, आणि डिक्कीतून एक तान्हं बाळ जिवाच्या आकांताने रडायला लागलं.

देवाजीने उडी मारली. बयनाबाई घरातून पदर खोचत धावत आल्या. हॉर्नच तसा होता. कुठल्या कारखान्यात कुणाला हे सुचलं असेल, आणि त्याच्या घरच्यांनी त्याला अडवलं कसं नसेल, या विचारात माझी ती रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी वनमालाला सुट्टी होती, म्हणून गाडी मी कचेरीला नेली. संध्याकाळी कचेरीच्या फाटकाबाहेर गाडी मागे घेतली तर बाळ रडलं. चहाच्या टपरीवरचे लोक उठले. एक बाई ओरडली, "डिक्कीत लेकरू कोंबलं यानं!" पाहता पाहता पन्नास माणसं जमली. मी काचेतून सांगत होतो की ते बाळ नाही, हॉर्न आहे. पण घाबरून माझा पाय क्लचवर आणि गाडी रिव्हर्समध्येच, त्यामुळे मी बोलत असताना बाळही बोलत होतं, आणि लोकांना ते जास्त खरं वाटलं. शेवटी कॉन्स्टेबल आला. त्याने सगळ्यांसमोर डिक्की उघडली. आत एक ज्वारीचं पोतं आणि एक नवा कोरा उजवा दिवा होता. कॉन्स्टेबलने दिवा पाहिला, मागे सरून डाव्या बाजूचं भोक पाहिलं, आणि हसत हसत चलान फाडलं. माझ्या कचेरीच्या दारात, माझ्या शिपायाच्या देखत.

त्या रात्री मी ठरवलं की आता लिहिणं पुरे, बोलायचं. दुकानाच्या नंबरवर फोन लावला. वनमाला शेजारी वह्या तपासत बसली होती. फोनमधून आवाज आला, हिंदीसाठी एक दाबा, तेलुगूसाठी दोन दाबा, आणखी कशाकशासाठी तीन, चार, पाच दाबा. मराठी कुठेच नव्हती. मी दोन दाबलं. बावीस वर्षं तेलुगूत शेरे लिहिणारा माणूस मी, मला कसली अडचण? फोनवर प्रियदर्शनी नावाची मुलगी आली. फार गोड बोलत होती. मी तिला मिसल क्रमांकासह सगळी हकिकत सांगितली. उजवा दिवा, भोंगा, पाठ, चलान, काही सोडलं नाही. तिने मधे एकदाही हूं केलं नाही. सगळं झाल्यावर तिने विचारलं, "सार्, कंप्लेंट ओपन उंचाला, क्लोज चेय्याला?"

म्हणजे तक्रार उघडी ठेवू की बंद करू! इतकं सगळं ऐकून हा प्रश्न! माझं डोकं तापलं, आणि डोकं तापल्यावर माणसाच्या तोंडी आईचीच भाषा येते. मी ओरडलो, "चालू! चालू! अहो चालू ठेवा!"

"सरे सार्," ती इतक्या आनंदाने म्हणाली की मलाही बरं वाटलं. "थँक्यू सार्."

मी विजयी मुद्रेने फोन खाली ठेवला. लगेच मेसेज आला. "आपण समाधान व्यक्त केल्यामुळे आपली तक्रार कायमची बंद करण्यात आली आहे."

वनमालाने लाल पेन वहीवर ठेवलं. "अहो, तेलुगूत चालू म्हंजे पुरे. तुमी तिले तीनदा पुरे म्हणले."

"मी 'ठेवा' पण म्हणालो."

"थे तिले काय समजते?"

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याला मी स्वतः हात आडवा धरून चालू, चालू म्हणतो. पण मग मला दुसरंच आठवलं. कचेरीत खेड्यातून म्हातारे येतात, माझ्या टेबलासमोर उभे राहून आपल्या दरखास्तीचं काय झालं ते विचारतात, आणि मी मान वर न करता सांगतो, "चालू." ते बिचारे हात जोडून निघून जातात. मला वाटायचं, समाधान होऊन जातात. त्यात निम्मे तेलुगू आहेत.

शेवटचे सहा दिवस आम्ही हात टेकून काढले. मुदतीच्या आदल्या दिवशी देवाजीने आपल्या अकलेने एक दिवा तयार केला. लाल प्लास्टिकचा अंघोळीचा मग घेतला, कान कापला, खळग्यात बसवला, आत बल्ब लावला. वीस हात लांबून, डोळे किंचित बारीक करून पाहिलं तर दिवा वाटत होता. मी गाडीची मागची डावी बाजू भिंतीच्या कोपऱ्यात दडवून, तोंड फाटकाकडे करून उभी केली.

अमृतराव सकाळी आले. पांढरं धोतर, हातात छत्री, खिशाला पेन. चहा पिण्याआधीच उठले. गाडीचं नाक पाहिलं, उजवी बाजू पाहिली, टपावरून हात फिरवला. मी त्यांच्या पुढे पुढे चालत मागची वाट अडवत होतो. समाधानाने मान हलवून ते म्हणाले, "झकास ठेवली. थोडी मागं घ्या, उन्हात हाय."

नाही कसं म्हणणार? मी बसलो, रिव्हर्स टाकला. बाळाने टाहो फोडला. "लेकरू! लेकरू हाय मागं!" असं ओरडत अमृतराव छत्री टाकून गाडीच्या मागे धावले, त्यांना वाचवायला मी दचकून पाय उचलला तो भलताच उचलला गेला, गाडी एक हात मागे गेली आणि तो लाल मग भिंतीवर फुटला. फुटक्या मगाचा तुकडा घरंगळत त्यांच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, उलटसुलट केला.

"जवाईबापू, गाडीले मग काऊन लावला?"

मी तोंड उघडलं, पण वनमालाच बोलली. तिने हौदापासून कॉन्स्टेबलपर्यंत सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक लपवला नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, गाडी न्यायची तं न्या. पण मले शाळेत रोज टायमावर पोचवलं थे या गाडीनंच." एवढं बोलून ती घरात गेली.

अमृतराव ओट्यावर बसले. मग त्यांनी पिशवीतून गाडी नावावर करायचा फॉर्म काढला, ओठांना पेन लावून विचार केला, सही केली आणि कागद मला वाचायला दिला. नवीन मालकाच्या रकान्यात वनमालाचं नाव होतं. ते त्यांनी आत्ता लिहिलेलं नव्हतं. टाइप केलेलं होतं, मंचेरियलहूनच.

"तुमाले कोण देऊन राह्यलं होतं?" ते म्हणाले. "गाडी पोरीचीच होती. पोरगी तुमाले वापरू देते का नाई, एवढंच पाहून राह्यलो होतो."

त्याबरोबर दुसरा एक कागद त्यांनी जागेवर लिहिला. इकरारनामा. त्यात मी असं कबूल केलं आहे की सदर गाडी मी फक्त पुढे चालवीन, मागे घेणार नाही, आणि मागे घेण्याची गरज पडल्यास मालकिणीला बोलावीन. बयनाबाईंनी साक्षीदार म्हणून आनंदाने अंगठा दिला, सही येत असूनही. रेव्हेन्यू खात्यातल्या माणसाला स्वतः लिहून दिलेला इकरार मोडता येत नाही. निदान मला येत नाही.

तेव्हापासून मी गाडी फक्त पुढे नेतो. परवा रविवारी कापूस मार्केटच्या गल्लीत शिरलो आणि समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर आला. मागे मोकळी गल्ली होती. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "मागं घ्या जी." मी म्हणालो, "परवानगी नाही." तो खाली उतरला. त्याच्यामागे दोन बैलगाड्या, चार ऑटो आणि एक टेम्पो थांबला. सगळे मला समजावू लागले. मी काच वर केली आणि घरी फोन लावला.

वनमाला ऑटोने आली. हाताला कणीक तशीच होती. तिने मला खाली उतरवलं, सीट पुढे ओढली, आणि अख्ख्या गल्लीच्या देखत गाडी एका दमात, सरळ रेषेत, मुख्य रस्त्यापर्यंत मागे नेली. इतकी सुरेख की दोन ऑटोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी कडेला उभा होतो. लाज वाटत होती, आणि तिचा अभिमान इतका वाटत होता की काय करावं ते कळेना.

ट्रॅक्टर माझ्याजवळ येऊन हळू झाला. ट्रॅक्टरवाल्याने वनमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वाकून दबक्या आवाजात विचारलं, "भाऊ, बाईचे पगारी डायवर हाय का तुमी?"

"नाही हो," मी म्हणालो. "घरचाच आहे."